ओळखपत्राचं आत्मवृत्त

वारज्याच्या त्या सोसायटीत चार इमारती होत्या, आणि एक हॉल. हॉल लग्नाला लहान पडे आणि बारशाला मोठा, त्यामुळे वर्षातले बरेच दिवस तो रिकामाच असे. २००३ च्या जुलैपासून मात्र दर शनिवारी दुपारी चार वाजता तिथे सतरंजी पडू लागली. सतरंजीवर चौदा मुलं आणि समोर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत पद्मजाबाई.

बाईंनी पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान वारज्याला राहायला आले. दोन वर्षांत यजमान गेले आणि दोन खोल्यांचा फ्लॅट एकाएकी ऐसपैस झाला. सोसायटीतले बरेच आईवडील हिंजवडीला कामाला जात. त्यांची मुलं इंग्रजी शाळेत होती. घरी ती मराठीत भांडत, मराठीत रडत, पण आजीला चार ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं की त्यांचे हात आखडत. कुणीतरी बाईंना गळ घातली. बाई म्हणाल्या, "शिकवते. पण मला मुलं हवीत, तुम्ही नकोत. वर्गात कुणी पालक डोकावला तर त्यालाही शुद्धलेखन घालीन." तेव्हापासून पालक हॉलवरून जाताना मान खाली घालून जात.

बाईंचा आवडता प्रकार म्हणजे आत्मवृत्त. एखादी वस्तू स्वतःच आपली कहाणी सांगते आहे असं समजून लिहायचा निबंध. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो आत्मवृत्तं तपासली होती आणि सगळी एका आईच्या पोटची असावीत तशी होती. वस्तू जन्माला यायची, मग तिला बरे दिवस यायचे, मग वाईट. फाटकं पुस्तक असो की वठलेलं झाड, माणसाला उपदेश केल्याशिवाय कुणी शेवटचा श्वास घेत नसे. यातलं निम्मं गाइडातून उतरवलेलं असायचं. उतरवलेला निबंध बाईंना वासावरून कळे, पण कुणालाही त्या एकदम चोर म्हणत नसत. वही पुढे करून त्या एकच प्रश्न विचारत, "हे तू लिहिलंस?" मूल 'हो' म्हणे आणि पायाच्या अंगठ्याकडे बघे. अंगठा खरं काय ते सांगून टाके.

त्या डिसेंबरात बाईंनी मुलांना घरातल्या कुठल्याही वस्तूचं आत्मवृत्त लिहायला सांगितलं. सगळ्यांत चांगला निबंध सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सोसायटीसमोर वाचला जाणार होता.

पुढच्या शनिवारी वह्या आल्या. बी इमारतीतल्या शंभूनं घरातली वस्तू सोडून सैनिकाचं आत्मवृत्त लिहिलं होतं. सैनिक पहिल्या पानावरच धारातीर्थी पडला होता आणि त्यानंतर आणखी दोन परिच्छेद बोलत होता. बाईंनी समासात लिहिलं, 'शूर आहे.' कुणाचा पंखा होता, कुणाचा फ्रिज. सगळ्यांत खाली नम्रता रामटेकेची वही होती.

नम्रता पाचवीत होती. गोल गोल अक्षर काढायची आणि उत्तर देण्याआधी इतका विचार करायची की शेजारचं मूल तोवर तीन उत्तरं देऊन मोकळं व्हायचं. तिचे वडील आनंद मूळचे भंडाऱ्याकडचे. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. सकाळी साडेसातला कंपनीची बस त्यांना हायवेवरून उचलून नेई आणि रात्री जेवायच्या वेळेला आणून सोडी. नम्रतानं त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलं होतं.

'माझ्यावर एक चेहरा आहे, पण तो माझा नाही. ज्यांचा तो आहे ते मला गळ्यात घालतात. आम्ही दाराजवळ गेलो की दार विचारतं, कोण आहे? मी बोलत नाही, नुसता चेहरा दाखवतो. मग हिरवा दिवा लागतो, टिंग वाजतं आणि दार आपोआप उघडतं. दाराला वाटतं, मीच तो माणूस आहे. माझ्यावरच्या फोटोत ते हसत नाहीत, कारण फोटो काढणारा म्हणाला होता, हसू नका. म्हणून ऑफिसात सगळ्यांना वाटतं, हा माणूस हसतच नाही. मला खरं माहीत आहे, पण मला कोण विचारतं? रविवारी मी दारामागच्या खिळ्यावर असतो, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा घरात हसण्याचा आवाज येतो. माझ्याशिवाय ते कसे दिसतात, ते मी अजून पाहिलेलं नाही.'

एवढंच. शेवटी उपदेश नव्हता.

बाईंनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. दुसऱ्यांदा ते हसू मावळलं. तिसऱ्यांदा त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. दहा वर्षांच्या मुलीला ऑफिसच्या दाराशी काय होतं ते कसं माहीत? आणि ते शेवटचं वाक्य! ते पस्तिशीच्या अलीकडे कुणाला सुचत नाही. हे बापानं लिहून दिलेलं असणार. चांगलं लिहितो हो बाप, असं त्या स्वतःशी म्हणाल्यासुद्धा.

शनिवारी मुलं गेल्यावर त्यांनी नम्रताला थांबवलं आणि वही पुढे केली. "हे तू लिहिलंस?"

नम्रता बराच वेळ विचार करत राहिली. अंगठ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणणारं मूल बाईंना भेटलं नव्हतं. त्या जरा गडबडल्याच. "मग कुणी लिहिलं?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त पेन धरला होता."

बाईंना वाटलं, पोरगी बापाला पाठीशी घालते आहे. खरं बोलली म्हणून त्या रागावल्या नाहीत. लाल पेन्सिलीनं त्यांनी निबंधाखाली 'स्वतः लिहावे' असं लिहिलं आणि वही परत दिली. नम्रतानं ती दप्तरात घातली, "हो बाई" म्हणाली आणि गेली.

सव्वीस जानेवारीला शंभूचा सैनिक वाचला गेला. धारातीर्थी पडल्यावरचे दोन परिच्छेद बाईंनी काढून टाकले होते, तरी टाळ्या भरपूर पडल्या. नम्रता मागच्या रांगेत आईशेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

ती वर्गाला येतच राहिली. पण आता विचार करत बसायची नाही, विचारलं की लगेच उत्तर द्यायची. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी बाईंनी नदीचं आत्मवृत्त लिहायला दिलं. नम्रताच्या निबंधात नदी डोंगरात जन्मली, सपाटीवर आली, शहरात घाण झाली आणि शेवटी माणसाला म्हणाली, प्रदूषण करू नका. एका वेलांटीची चूक नव्हती. बाईंनी दहापैकी नऊ गुण दिले आणि पेन्सिल खाली ठेवली. हा निबंध मात्र तिनं स्वतःच लिहिला होता, यात शंका नव्हती. आणि तो कुणीही लिहिला असता, यातही नव्हती. ते नऊ गुण बाईंना आठवडाभर कुसळासारखे टोचत राहिले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी बाईंच्या दाराची बेल वाजली. दारात आनंद रामटेके उभे होते, हातात नम्रताची वही. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू कुठल्या कचेरीत आले असावेत. बाईंनी बसायला सांगितलं तरी ते आधी उभ्यानंच बोलले. वहीला कव्हर घालताना ती लाल अक्षरं काल त्यांच्या नजरेला पडली होती. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बाईंचं बरोबर आहे, तो निबंध माझा नव्हता.

"मला माफी मागायची होती," ते म्हणाले. "आणि एक विचारायचं होतं. मूळ लेख कुठला आहे ते सांगाल का? मी काल नेटवर दोन तास शोधलं, सापडला नाही. सापडला तर तिला समोर ठेवून समजावीन. आमच्या घरात हे चालत नाही, बाई."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मूळ लेख तुमचाच ना?"

"माझा?"

"तुम्हीच तिला लिहून दिलात ना?"

आता आनंद बसले. मग त्यांना हसू फुटलं, आणि फोटोत न हसणारा हा माणूस हसताना किती वेगळा दिसतो ते बाईंनी पाहिलं. "मी? मला आता मराठीत दोन ओळींचा रजेचा अर्ज येत नाही. अन् मी लिहिला असता तर इतकं चुकीचं कशाला लिहिलं असतं?"

"काय चुकीचं आहे?"

त्यांनी वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवून, प्रोग्राम तपासावा तसं, एकेक सांगू लागले. त्यांच्या ऑफिसच्या दाराला निळा दिवा होता, हिरवा नव्हे. टिंग वगैरे काही वाजत नव्हतं. दार आपोआप तर मुळीच उघडत नव्हतं, खांदा लावून ढकलावं लागे. मुलांना आत न्यायला परवानगी नाही, त्यामुळे नम्रतानं यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. फोटो काढणारा तर काही बोललाच नव्हता.

"तो पहिला दिवस होता माझा. भीती वाटत होती, म्हणून हसलो नाही." बोट त्याच ओळीवर राहिलं. "पण ऑफिसात मी हसत नाही, हे खरं आहे. हे तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं तिले."

भंडाऱ्याचा 'तिले' त्यांच्या तोंडून निसटला तो त्यांच्या लक्षातही आला नाही. मग ते म्हणाले, "आज रविवार. आत्ता ते कार्ड खिळ्यावरच आहे. भिंतीकडे तोंड करून आहे का, ते मी कधी बघितलं नाही."

बाईंनी वही आपल्याकडे वळवली. चूक कुठे झाली ते आता लख्ख दिसत होतं. बापानं लिहिलं असतं तर दिवा निळा असता. हिरवा दिवा हाच पोरीचा पुरावा होता आणि तोच त्यांनी तिच्याविरुद्ध धरला होता.

उठताना आनंद सांगत होते की त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. "ते म्हणायचे, दुसऱ्याचा एक शब्दही आपल्या वहीत नको. आपल्या माणसांची वही लोक दोनदा तपासतात. तेच मी नम्रताला शिकवलं."

दोनदा. बाईंच्या मनात आलं, मी तर तिची वही एकदाही नीट तपासली नाही. दारापर्यंत जाऊन त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगते." आनंदनी मान डोलावली आणि जिना उतरू लागले. लिफ्ट समोर उघडी होती, ती त्यांना दिसलीच नाही.

शनिवारी बाईंनी वर्ग सुरू होण्याआधीच उभं राहून सांगितलं. नम्रताचा निबंध तिचाच होता, तो उतरवलेला आहे असं मला वाटलं, ही माझी चूक. मोठी माणसं कशी चुकतात हे पाहून मुलं खुशीत आली. बाईंनी तिची वही मागून घेतली आणि खोडरबरानं 'स्वतः लिहावे' खोडायला लागल्या. लाल रंग जाईना, पसरला फक्त.

नम्रता उठून उभी राहिली. "नका खोडू, बाई. तुमचं बरोबर होतं. तो मी नव्हता लिहिला."

"येडी आहेस का?" शंभू म्हणाला. "बाई देतायत तर घे ना गुपचूप."

मुलं हसली. बाईंनी हात वर केला तशी गप्प झाली. नम्रता आता पूर्वीसारखी विचार करत होती आणि बाई थांबल्या. थांबणं त्यांना चांगलं येत होतं. गेले दोन महिनेच काय ते त्या विसरल्या होत्या.

मग नम्रतानं सांगितलं. ती पलंगावर बसून कार्डाकडे बघत होती. कार्ड कारखान्यात तयार झालं असं तिला लिहायचं होतं, गाइडात असतं तसं. तेवढ्यात कुणीतरी सांगायला लागलं. बाहेरून नाही, आतूनच. पण तो तिचा आवाज नव्हता. ती भराभर लिहीत गेली. लिहून झाल्यावर वाचलं तर तिला रडू आलं, कारण बाबा ऑफिसात हसत नाहीत हे तिला माहीतच नव्हतं.

"मला माहीत नव्हतं ते मी कसं लिहीन?" ती म्हणाली. "मग ते दुसऱ्या कुणाचं तरीच असणार ना? आणि दुसऱ्याचं घ्यायचं नाही."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, 'अगं, ती तूच.' पण त्यांनी ते गिळलं. पोरगी सांगत होती की ती मी नव्हते. तिला तूच होतीस म्हणणं म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा विश्वास न ठेवणं. आणि इकडे पोरगी स्वतःच्याच मनातल्या कुणाला तरी परकं समजून दाराबाहेर उभं करून बसली होती, प्रामाणिकपणापायी. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही गाइडात नव्हतं.

"मला ठाऊक नाही, नम्रता," बाई म्हणाल्या. "कारण मी कधी आत्मवृत्त लिहिलेलंच नाही."

"एकही नाही?" शंभूनं विचारलं. त्याला धक्काच बसला होता.

"एकही नाही. नुसती लिहायला लावली."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ही मात्र फसवणूक होती.

"तर आज मी लिहिते," बाई म्हणाल्या. "विषय नम्रता देईल."

नम्रतानं हॉलभर नजर फिरवली. पंखा पाहिला, झेंड्याची काठी पाहिली. मग म्हणाली, "तुमची खुर्ची."

बाई खुर्चीतून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू सतरंजीवर बसल्या. एक कोरी वही मांडीवर घेतली आणि समोरच्या पांढऱ्या खुर्चीकडे पाहिलं. पाठीवर ऑइलपेंटनं सोसायटीचं नाव लिहिलेलं होतं. त्यांनी लिहिलं, 'माझा जन्म एका कारखान्यात झाला.' मागून वाचणाऱ्या शंभूनं समाधानानं मान हलवली. हे त्याला ओळखीचं होतं. बाईंनी ते खोडलं. 'मी चार पायांची' असं लिहिलं, तेही खोडलं. पाच मिनिटं गेली. मुलं कुजबुजू लागली. बाईंच्या कपाळावर घाम आला. एकतीस वर्षं त्या ज्यांना 'अजून झालं नाही का?' विचारत आल्या होत्या, त्या सगळ्यांची मनोमन माफी मागून झाली.

रिकामी खुर्ची तशीच समोर होती. बाईंनी ती रिकामी कधी पाहिलीच नव्हती. आणि मग हात चालू लागला.

'बाई माझ्यावर बसतात, पण पूर्ण बसत नाहीत. थोड्या उचललेल्याच असतात, घरी कुणी वाट बघत असल्यासारख्या. साडेपाच वाजले की त्या म्हणतात, चला, उशीर झाला. कुणाला उशीर झाला ते मला माहीत आहे. घरी आता कुणी नाही. पण हे मी त्यांना सांगत नाही. त्या उठतात तेव्हा मी त्यांच्या पाठीला थोडा टेका देते.'

पेन्सिल थांबली. बाईंनी लिहिलेलं वाचलं. यजमान गेल्यापासूनच्या चार वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः ते सांगणं तर शक्यच नव्हतं. चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला, खूप वेळ पुसला.

नम्रता सरकत सरकत त्यांच्या गुडघ्याजवळ आली होती. तिनं वहीत डोकावून ओळ न ओळ वाचली. मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी तशीच, न हलता.

"बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. सगळा वर्ग थांबून राहिला. शंभू बाईंच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "मला नसतं सुचलं."

नम्रताच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "तुमच्यातपण कुणी आहे?"

"दिसतंय खरं. इतकी वर्षं बिचारीला कुणी बसायलासुद्धा सांगितलं नाही."

"मग नाव कुणाचं घालायचं?"

"अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या. "आणि घर माझ्यातच केलंय तिनं. दुसऱ्याच्या घरात शिरून मी काही आणलेलं नाही. मी माझंच नाव घालते. तिची हरकत असली तर सांगेल ती."

त्यांनी निबंधाखाली स्वतःचं नाव लिहिलं. सगळे थोडा वेळ थांबले. हरकत आली नाही.

नम्रतानं आपली वही पुढ्यात ओढली. लाल डाग पसरलेलं पान उघडलं आणि निबंधाच्या वर, गोल गोल अक्षरात, सावकाश लिहिलं, 'नम्रता आनंद रामटेके.' मग पेन हातात तसाच ठेवून ती थबकली.

"बाबा म्हणाले, दिवा निळा असतो," ती म्हणाली. "बदलू का?"

बाई सांगणारच होत्या की राहू दे हिरवा. पण त्यांनी तोंड मिटलं. "मला काय विचारतेस? मी ते कार्ड पाहिलेलंसुद्धा नाही."

"बरं, त्यालाच विचारते," नम्रता म्हणाली. तिनं मान एका बाजूला कलती केली आणि ऐकत राहिली. साडेपाच वाजून गेले होते. बाहेर कुणीतरी शंभूला हाका मारत होतं. बाई सतरंजीवर नीट मांडी घालून बसल्या.